विद्यापीठ चालवते कोण?

मुलांनो, एजबॅस्टनचा 'ओल्ड जो' हा घड्याळाचा मनोरा तुम्ही पाहिलाच असेल. टोले पडत असताना जो विद्यार्थी त्याच्याखालून जातो तो नापास होतो, अशी तिथल्या मुलांची गमतीची समजूत आहे. हा 'जो' म्हणजे जोसेफ चेंबरलेन. ते आपल्या शहराचे महापौर होते आणि १९०० साली राजसनद मिळून बर्मिंगहॅम विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा त्याचे पहिले चॅन्सेलर झाले. मनोऱ्याला नाव चॅन्सेलरचे मिळाले, पण विद्यापीठ चॅन्सेलर चालवतात का? नाही. मग कोण चालवते? तुमच्यापैकी काही जण दोन-चार वर्षांत विद्यापीठात जाल, म्हणून हे आत्ताच समजून घेऊ.

आधी नावांचा घोळ सोडवू. चॅन्सेलर म्हणजे कुलपती. हे पद मानाचे आहे. पदवीदान समारंभाला झगा घालून पदव्या द्यायच्या आणि विद्यापीठाचे नाव जगात वाढवायचे, हे त्यांचे काम. हैदराबादला जन्मलेले लॉर्ड करण बिलिमोरिया २०१४ ते २०२४ या काळात येथे चॅन्सेलर होते. खरा कारभार बघतात ते व्हाइस-चॅन्सेलर. इंग्रजी नावावरून ते दुय्यम वाटतात, पण मराठीतला 'कुलगुरू' हा शब्द त्यांना बरोबर शोभतो. एक सावधगिरी मात्र बाळगा. हिंदीत अनेक वर्षे 'कुलपति' हा शब्द व्हाइस-चॅन्सेलरसाठी वापरला गेला. त्यामुळे हिंदी बातमी वाचताना गोंधळू नका.

कुलगुरूंना नेमते कोण, यात इथे आणि महाराष्ट्रात मोठा फरक आहे. पुणे विद्यापीठ १९४९ साली सुरू झाले आणि डॉ. मुकुंदराव जयकर त्याचे पहिले कुलगुरू. २०१४ पासून त्याला सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. तिथे राज्यपाल हेच कुलपती असतात. शोधसमिती काही नावे सुचवते आणि त्यांतून एकाला राज्यपाल पाच वर्षांसाठी नेमतात. बर्मिंगहॅममध्ये ही नेमणूक राजा किंवा सरकार करत नाही, विद्यापीठाची स्वतःची कौन्सिल करते.

ही कौन्सिल म्हणजे काय? आपल्या मराठी वर्गाचेच उदाहरण घ्या. हॉलचे भाडे, फी, चहा-बिस्किटे हे सगळे समिती बघते. कुठला धडा शिकवायचा आणि कुणाला किती गुण द्यायचे ते बाई ठरवतात. विद्यापीठातही असेच दोन भाग आहेत. पैसा, इमारती आणि पुढची धोरणे कौन्सिलकडे. तिच्यात बाहेरच्या क्षेत्रांतली अनुभवी मंडळी बहुसंख्य असतात. अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदव्या सेनेटकडे. तिच्यात मुख्यतः प्राध्यापक असतात. कुलगुरू दोन्हीकडे बसतात.

पालकांनी इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. पुण्याची 'सेनेट' म्हणजे अधिसभा. तिच्यात निवडून आलेले पदवीधरही असतात आणि विद्यापीठाचे अंदाजपत्रक तिच्यापुढे येते. अभ्यासाचे प्रश्न तिथे विद्वत परिषद बघते. म्हणजे बर्मिंगहॅमची सेनेट ही आपल्या विद्वत परिषदेची बहीण. नाव एक, काम वेगळे.

दुसरा फरक कॉलेजांचा. पुण्यात शिकवते कॉलेज आणि पदवी देते विद्यापीठ. त्याला शेकडो कॉलेजे जोडलेली आहेत. त्यामुळे पदवी घेऊनही गणेशखिंडीच्या मुख्य इमारतीत कधी पाऊल न टाकलेले लोक पुष्कळ आहेत. इथे शिकवणारे आणि पेपर काढणारे बहुधा एकच असतात. मग पक्षपात कसा टळतो? त्यासाठी दुसऱ्या विद्यापीठातला बाह्य परीक्षक नेमतात. आमच्या संगणकाच्या धंद्यातही प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानेच तो तपासून पास करू नये असा दंडक आहे. कारण तेच.

पैसा आणि विद्या वेगळ्या ठेवल्या तरी त्या एकमेकींना ओढतातच. १९०५ साली संगीतकार एडवर्ड एल्गार इथे संगीताचे पहिले प्राध्यापक झाले. ते स्वतः कोणत्याही विद्यापीठात शिकलेले नव्हते. रिचर्ड पेटन यांनी या पदासाठी १०,००० पौंड देऊ केले ते एल्गार यांनीच ते स्वीकारावे या अटीवर. इथे पैशामुळे एक पद जन्माला आले. याच्या उलटही घडते. १९६४ साली रिचर्ड हॉगर्ट यांनी येथे समकालीन संस्कृतीच्या अभ्यासाचे केंद्र काढले. पुढे जमैकाहून आलेले स्टुअर्ट हॉल त्याचे प्रमुख झाले आणि ते जगभर गाजले. पण २००१ च्या देशव्यापी संशोधन-मूल्यमापनात विभागाला अपेक्षेपेक्षा कमी श्रेणी मिळाली आणि २००२ साली व्यवस्थापनाने तो बंद केला. विद्यार्थ्यांनी निदर्शने केली, इतर देशांतल्या प्राध्यापकांनीही निषेध केला. उपयोग झाला नाही. धडा कितीही चांगला असला तरी हॉलचे भाडे कोण भरणार हे समितीच ठरवते!

म्हणून विद्यापीठ निवडताना केवळ नाव पाहू नका. आपला विषय तिथे किती भक्कम आहे आणि शिकवणारे किती आहेत, हे ओपन डेला जरूर विचारा.

आणि अडचण आली तर? आधी आपला ट्यूटर, मग विभागप्रमुख, मग विद्यापीठाकडे लेखी तक्रार. तिथेही समाधान झाले नाही तर २००४ पासून इंग्लंड-वेल्ससाठी स्वतंत्र तक्रार निवारण कार्यालय आहे. विद्यार्थ्याला तिथे फी पडत नाही. मात्र 'माझा निबंध जास्त गुणांचा होता' ही तक्रार ते ऐकत नाहीत, कारण गुण देणे हा शिक्षकांचाच अधिकार. नियम पाळले गेले का, एवढेच ते तपासतात.

पालकांनो, एक महत्त्वाचे. मूल अठरा वर्षांचे झाले की त्याच्या संमतीशिवाय विद्यापीठ तुमच्याशी त्याच्याविषयी बोलणार नाही. मग फी तुम्ही भरलेली असो. आपल्याला हे कठोर वाटते, पण इथे विद्यार्थी हा स्वतःचा मुखत्यार समजला जातो. तेव्हा पत्र कुणाला लिहायचे आणि दार कुणाचे ठोठवायचे हे मुलांनाच माहीत हवे.

पुढच्या वर्गासाठी गृहपाठ: घरातले आई, बाबा किंवा आजीचे पदवी प्रमाणपत्र बाहेर काढा. त्यावर सही कुणाची आहे, कुलपतींची की कुलगुरूंची? आणि असे का, हे मराठीत चार ओळींत लिहून आणा.