सीमा कोणास विचारून आखावी?

दोन भावांची वाटणी व्हावयाची असली म्हणजे पंच बसतात, मोजणी होते, दोघांच्या सह्या होतात आणि मग बांध घातला जातो. पंचांनी दोघांचे म्हणणे नुसते ऐकून घ्यावे आणि स्वतःच्या मनास येईल तेथे बांध घालावा, तर तीस कोणीही शहाणा मनुष्य वाटणी म्हणणार नाही. आमच्या देशात राज्यांच्या हद्दी ज्या रीतीने ठरतात ती रीत मात्र याहून फारशी निराळी नाही, ही गोष्ट पुष्कळ वाचकांच्या ध्यानात आली नसेल.

राज्यघटनेचे तिसरे कलम काढून पाहावे. नवे राज्य निर्माण करणे, असलेले लहान वा मोठे करणे, त्याची सीमा किंवा नावही पालटणे, हे सर्व संसदेस साध्या बहुमताने करता येते. विधेयक संबंधित राज्याच्या विधिमंडळाकडे मुदत घालून अभिप्रायासाठी पाठवावे, एवढेच काय ते बंधन. तो अभिप्राय मानलाच पाहिजे असे नाही. १९५६ साली मूळ विधेयकात महाराष्ट्र, गुजरात व मुंबई शहर असे तीन विभाग सुचविले होते. संसदेने ते बाजूस सारून एकच द्वैभाषिक मुंबई राज्य उभे केले. हे पालटलेले विधेयक पुनः राज्याकडे पाठविले नाही, अशी तक्रार न्यायालयात गेली, तेव्हा तशी आवश्यकता नाही, असाच निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली दिला. कायद्याने ते बरोबर असेल. परंतु लोकांनी मनापासून न स्वीकारलेले ते राज्य अवघी साडेतीन वर्षे टिकले. आंदोलनात शंभरांहून अधिक माणसांचे बळी गेले, आणि १ मे १९६० रोजी ते मोडावेच लागले.

कोणी म्हणेल की, हा अधिकार संसदेच्या हाती नसता तर अनेक राज्ये जन्मासच आली नसती. हा आक्षेप खरा आहे. २०१४ च्या जानेवारीत आंध्र प्रदेशाच्या विधानसभेने विभाजनाचे विधेयक फेटाळले होते. तिच्या नकारास कायद्याचे बळ असते तर त्याच वर्षी २ जून रोजी तेलंगण झाले नसते. थोरल्याच्या संमतीवाचून धाकट्याने वेगळे निघूच नये, असा नियम आम्हीही मागणार नाही. पण आमचे म्हणणे विधानसभेपुरते नाहीच. बांध ज्याच्या दारावरून जातो त्यास कोणी विचारले काय, एवढेच आमचे विचारणे आहे.

असे विचारता येते, याचा दाखला आमच्या शेजारीच आहे. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यातील जनतेस, महाराष्ट्रात विलीन व्हावयाचे की केंद्रशासित राहावयाचे, असा सरळ प्रश्न टाकण्यात आला. विलीनीकरणाची खूण फूल, वेगळे राहण्याची दोन पाने. सुमारे १ लाख ३८ हजार मते फुलास पडली, तर १ लाख ७२ हजार दोन पानांस. महाराष्ट्रात पुष्कळांस हा निकाल कडू लागला. परंतु तो मानला गेला आणि वाद तेथेच मिटला. स्वित्झर्लंडात म्यूटिए या लहानशा गावाने बर्न प्रांत सोडून जुरा प्रांतात जाण्याचा कौल २०१७ साली अवघ्या १३७ मतांनी दिला. मतदानात गैरप्रकार आढळल्यामुळे तो रद्द झाला. २०२१ साली गावास पुनः विचारण्यात आले, पुनः होकार मिळाला, आणि १ जानेवारी २०२६ रोजी गाव जुरात गेले.

आता बेळगावकडे पाहावे. १९५६ पासून हा प्रश्न भिजत पडला आहे. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला. महाराष्ट्राने तो अमान्य केला. २००४ साली दावा सर्वोच्च न्यायालयात गेला, त्यासही वीस वर्षे उलटून गेली. इतक्या काळात जनगणनेचे आकडे, जुने दप्तर, आयोगांची मते, सर्व काही पुढे आले. मात्र तेथील रहिवाशांच्या हाती या एकाच प्रश्नावरची मतपत्रिका कोणी दिली नाही. खेडे हा घटक धरावा आणि लोकेच्छा पाहावी, असे महाराष्ट्र आजवर सांगत आला आहे. तसे असेल तर जे खेडे प्रतिकूल कौल देईल त्याचा निकाल मुकाट्याने मानण्याची तयारीही आम्हां मराठी लोकांनी ठेवली पाहिजे. आपल्या सोयीपुरती लोकेच्छा ही लोकेच्छा नव्हे.

आमची सूचना साधी आहे. सीमा पालटणारे कोणतेही विधेयक मांडण्यापूर्वी ज्या गावांवरून ती रेषा सरकणार, तेथे गुप्त मतदान व्हावे, आणि त्याचा निकाल संसदेपुढे ठेवणे कायद्याने बंधनकारक असावे. अखेरचा अधिकार संसदेचाच राहो. तसेच रेषा कोठेही पडली तरी अल्पसंख्य भाषेच्या मुलांस मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय देण्याविषयी घटनेच्या ३५०-अ कलमात जे सांगितले आहे, ते कागदावर न राहता शाळेत दिसावे. ज्या पोरास पलीकडे आपली भाषा शिकावयास मिळेल अशी खात्री आहे, त्याच्या बापास हद्दीचे भय उरणार नाही.