तीळ, एळ्ळु आणि कारळे

लग्नानंतरची आमची पहिली भोगी. आईने माझ्या पत्नीला सांगितले, "सूनबाई, बाजारातून पावकिलो कारळे आण." सूनबाईचे माहेर कन्नड. तिने 'करि एळ्ळु' ऐकले आणि काळे तीळ आणले. चटणीला हवे होते कारळे, म्हणजे कन्नडातले गुरेळ्ळु. काळे तीळ श्राद्धाचे, म्हणून आईने काही न बोलता पुडी वरच्या फळीवर ठेवली. सूनबाईचा चेहरा उतरला.

खरे तर चूक कोणाचीच नव्हती. कारळा लांबट, चकचकीत आणि सूर्यफुलाच्या कुळातला. तीळ चपटा, एका टोकाला निमुळता. नावे तेवढी कानाला जवळची! गंमत अशी, की आपला 'तेल' शब्द तिळावरून आला, तसाच कन्नड 'एण्णे' हाही एळ्ळुवरूनच. दोन्ही भाषांनी पहिले तेल तिळाचेच ओळखले असावे.

हे पीक साधारण तीन महिन्यांचे. त्याला शेतात साचलेले पाणी सोसत नाही. बोंडे पूर्ण वाळली की फुटून दाणे मातीत जातात. म्हणून ती पिवळी पडू लागताच कापणी करून पेंढ्या उभ्या वाळवतात आणि मग कापडावर उलट्या करून झटकतात. दाण्याच्या वजनात जवळजवळ निम्मे तेल असते.

व्यापारात प्रत ठरते ती स्वच्छतेवर आणि रंगावर. '९९/१/१' म्हणजे ९९ टक्के शुद्ध माल, कचरा फार तर १ टक्का, दुसऱ्या रंगाचे दाणे फार तर १ टक्का. साल काढलेला पांढराशुभ्र तीळ महाग आणि देखणा. लाडू, रेवडी यांना तो शोभतो. पण तिळातले बरेचसे कॅल्शियम सालीतच असते. तेव्हा चटणीला, बाजरीच्या भाकरीवर लावायला मळकट दिसणारा सालीचा तीळच घ्यावा. खवट वास येत नाही ना, एवढे मात्र चावून पाहावे.

त्या पुडीचे पुढे काय झाले? चार दिवसांनी आईनेच ती खाली काढली आणि म्हणाली, "तुझ्या माहेरी याची चटणी करतात ना? कर बघू." त्या दिवशी आईने एक भाकरी जास्त खाल्ली. आता आमच्या घरी दोन्ही डब्यांवर दोन्ही भाषांतल्या चिठ्ठ्या आहेत.

यंदा तिळगूळ देताना 'गोड बोला' म्हणाच, आणि शेजारी 'एळ्ळु बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि' म्हणाले, तर तेही तितक्याच गोडीने घ्या.