सॅनिटरी नॅपकिन : किंमत कशाची मोजावयाची?

सॅनिटरी नॅपकिनवरील वस्तू व सेवा कर रद्द करण्याचा निर्णय जुलै २०१८ मध्ये झाला, तेव्हा त्याचे सर्व थरांतून स्वागत झाले. त्याच्या आदल्याच वर्षी, १ जुलै २०१७ पासून, या वस्तूवर १२ टक्के कर लागू झाला होता. कुंकू आणि काचेच्या बांगड्या करमुक्त आणि स्त्रीच्या दरमहाच्या अपरिहार्य गरजेवर मात्र कर, हा कोणता न्याय, असा प्रश्न देशभर विचारला गेला होता. प्रश्न रास्त होता. परंतु कर उठला म्हणून वस्तू बारा टक्क्यांनी स्वस्त होईल ही अपेक्षा भाबडी होती.

याचे कारण कररचनेतच आहे. तयार मालावर कर असतो तेव्हा कारखानदाराला कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळते. तयार माल करमुक्त झाला की ही वजावटही जाते आणि कच्च्या मालावरील कर खर्चात मिसळून किमतीत बसतो. २०१७ साली अर्थ मंत्रालयाने केलेल्या खुलाशानुसार लाकडाच्या लगद्यावर १२ टक्के, तर शोषक पॉलिमर, पॉलिथिलिनची फिल्म आणि गोंद यांवर १८ टक्के कर होता. म्हणजे बारा टक्के गेले ते कागदावर; त्यातील बराचसा भाग मागल्या दाराने परत आला. शिवाय बाहेरून येणाऱ्या तयार मालाला हा बोजा नसल्याने देशी लहान उत्पादकाची अडचण वाढली ती वेगळीच. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असा हा प्रकार झाला.

तेव्हा स्वस्ताई हवी असेल तर केवळ करपत्रक पाहून चालणार नाही. वस्तूच उलगडून पाहिली पाहिजे. दिसायला क्षुल्लक अशा या घडीत चार-पाच थर असतात. अंगाला लागणारा वरचा थर न विणलेल्या कृत्रिम कापडाचा किंवा सच्छिद्र फिल्मचा. त्याचे काम ओल चटकन खाली सोडण्याचे आणि ती परत वर येऊ न देण्याचे. मधला गाभा लाकडाच्या लगद्याचा. त्यासाठी लांब तंतूंचा लगदा लागतो आणि तो मुख्यतः अमेरिकेच्या आग्नेय भागातील पाइन वृक्षांपासून येतो. लगद्यात मिसळलेली शोषक पॉलिमरची भुकटी शुद्ध पाणी आपल्या वजनाच्या शेकडो पट शोषते. पण खारट द्रावाच्या बाबतीत ही शक्ती तीस-चाळीस पटींवर येते, आणि रक्त घट्ट व पेशीयुक्त असल्याने तेथे ती आणखी घटते. सर्वांत खाली न झिरपणारी प्लॅस्टिकची फिल्म, तिच्यावर गोंद आणि गोंदावर निघणारा कागद. जाहिरातीत निळे पाणी ओतून दाखवतात ते पाहताना हा पाण्याचा आणि रक्ताचा फरक लक्षात ठेवलेला बरा.

या वस्तूसाठी भारतीय मानक १९६९ पासून आहे. त्याची १९८० ची आवृत्ती सांगत असे की, मिनिटाला १५ मिलिलिटर या वेगाने ३० मिलिलिटर द्राव नॅपकिनच्या मध्यावर सोडला असता तो खालून वा कडेने दिसता कामा नये. २०१९ मध्ये हे मानक पुन्हा सुधारण्यात आले. गमतीची गोष्ट अशी की बल्बच्या खोक्यावर वॅट छापलेले असतात, तेलाच्या पिशवीवर वजन असते. नॅपकिनच्या पाकिटावर मात्र लांबीचे मिलिमीटर, पंख आणि सुगंध यांचा गाजावाजा असतो. किती मिलिलिटर शोषले जाईल, हे ग्राहक स्त्रीला कळण्याची सोय बहुधा नसते. आणि मापच ठाऊक नसेल तर भाव स्वस्त की महाग, हे ठरवावयाचे कशाच्या आधारावर?

नवी मुंबईचे उदाहरण येथे बोलके ठरेल. सिडकोची स्थापना १९७० ची. त्याआधीपासून ठाणे-बेलापूर रस्त्यालगत दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत उद्योगांचा पट्टा पसरत गेला. पॅकिंगच्या टेबलाशी आठ-आठ तास उभ्या राहणाऱ्या स्त्रिया, वाशीच्या कृषी उत्पन्न बाजारात माल निवडणाऱ्या मजूर बाया, नाक्यावर बांधकामाच्या कामासाठी थांबणाऱ्या मजूर स्त्रिया आणि ठाण्याहून लोकलने येणाऱ्या कारकून मुली, या सर्वांची गरज एकच; परंतु ती भागविण्याची परिस्थिती एक नाही. कार्यालयातील मुलीला स्वच्छतागृह, पाणी आणि कचऱ्याची पेटी मिळते. बांधकामावरील स्त्रीला यांपैकी एकही मिळेल अशी खात्री नसते. खाडीकाठच्या दमट हवेत प्लॅस्टिकच्या थराखाली घाम साठतो, मांड्या काचतात, पुरळ उठते. स्वस्त नॅपकिनमधील जाड लगदा चालण्याने मध्यभागी गोळा होतो आणि कडेने डाग पडतो. ज्या स्त्रीला दिवसभर डोक्यावर घमेले घेऊन चालावयाचे आहे, तिच्या दृष्टीने आराम ही चैन नव्हे, तो तिच्या रोजंदारीचा प्रश्न आहे. डागाच्या भीतीने एक खाडा झाला तर त्या दिवसाची मजुरी हीच त्या नॅपकिनची खरी किंमत.

म्हणून नगाचा भाव फसवा असतो. समजा, एक नॅपकिन तीन रुपयांचा आहे आणि दोन तास टिकतो. दुसरा आठ रुपयांचा आहे आणि सहा तास टिकतो. पहिल्याचा तासाचा खर्च दीड रुपया, दुसऱ्याचा एक रुपया तेहेतीस पैसे. पाकीट पाहता महाग वाटणारी वस्तू प्रत्यक्षात स्वस्त आहे. पण महिनाअखेरीस एकदम मोठी रक्कम काढणे जिला शक्य नाही, ती तीन रुपयांचीच घेणार. गरिबाला वस्तू महाग पडते ती अशी, मग ते तेल असो वा नॅपकिन. शिवाय सहा तासांपलीकडे एकच नॅपकिन ठेवणे आरोग्याला हितकारक नसते. आणि बदलण्यास जागाच नसेल तर उत्तम नॅपकिनही निरुपयोगी ठरतो.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते २४ वयोगटातील ६४ टक्के स्त्रियांनी सॅनिटरी नॅपकिन वापरतो असे सांगितले आणि ५० टक्के स्त्रियांनी कापड. बेरीज शंभरावर जाते, याचा अर्थ अनेकजणी दोन्ही वापरतात. बाहेर जाताना नॅपकिन आणि घरी जुन्या लुगड्याचा धडपा, असा यातील अनेकींचा व्यवहार असावा. काटकसरीचे हे गणित कोणत्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकाविना त्यांना उमगलेले आहे. धडप्यात स्वतःहून वाईट असे काही नाही. तो उन्हात वाळवता येत नाही, कारण तो कोणाच्या दृष्टीस पडू द्यावयाचा नसतो, ही खरी अडचण. ‘कावळा शिवला’ असे आडवळणाने सांगणाऱ्या समाजात दोरीवरचे एक फडकेही आडोसा शोधते.

शासनाने काही केले नाही असे नाही. महाराष्ट्रात ८ मार्च २०१८ रोजी सुरू झालेल्या अस्मिता योजनेत जिल्हा परिषद शाळांतील मुलींना आठ नॅपकिनचे पाकीट पाच रुपयांस आणि ग्रामीण स्त्रियांना बचत गटांमार्फत सवलतीत देण्याची कल्पना होती. केंद्राच्या जनऔषधी केंद्रांतून ‘सुविधा’ नॅपकिन २०१८ मध्ये अडीच रुपयांस मिळू लागला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये तो एक रुपयावर आला. हेतू स्तुत्य. परंतु अस्मिता ही ग्रामविकास खात्याची योजना असल्याने दिघा वा तुर्भे येथील झोपडपट्टीतील मुलगी, तिचे उत्पन्न कितीही तुटपुंजे असले तरी, शहरी म्हणून तिच्या कक्षेबाहेर राहिली. आणि ‘सुविधा’तील ऑक्सो-बायोडिग्रेडेबल प्लॅस्टिक हे विघटनाचे समाधानकारक उत्तर नव्हे, असे प्लॅस्टिक तुटून बारीक कण होते, नाहीसे होत नाही, या कारणास्तव युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशाने त्यावर बंदी घातली.

दुसरा मार्ग लहान यंत्रांचा. कोइमतूरच्या अरुणाचलम मुरुगनाथम यांनी प्रथम कापूस वापरून पाहिला, तो फसला. मोठ्या कंपन्यांच्या नॅपकिनमध्ये लाकडाचा लगदा असतो हे त्यांना पुढे उमगले. लगदा मोकळा करणे, दाबणे, सील करणे आणि अतिनील किरणांनी निर्जंतुक करणे एवढ्या पायऱ्यांचे त्यांचे यंत्र बचत गटांच्या आवाक्यात आले आणि २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नवी मुंबईतील ‘आकार इनोव्हेशन्स’ याच दिशेने गेली. स्त्रियांच्या गटांना लहान कारखान्याची सामग्री पुरवावयाची आणि ‘आनंदी’ नावाने खत होऊ शकेल असा नॅपकिन तयार करावयाचा, असा तिचा प्रयत्न. या प्रयत्नांचे कौतुक करताना अर्थशास्त्र मात्र विसरता येत नाही. मोठे यंत्र मिनिटाला शेकडो नग काढते. हाताने चालणारा गट दिवसभर खपून जेवढे काढतो तेवढे ते काही मिनिटांत करते. लगदाही गटाला किरकोळ भावाने घ्यावा लागतो. तेव्हा गटाने मोठ्या कंपनीशी भावात स्पर्धा करावी ही अपेक्षा अन्यायाची आहे. त्याचे बळ जाहिरात आणि मधले दलाल यांचा खर्च वाचण्यात आहे, आणि जी स्त्री औषधाच्या दुकानाच्या पायरीवर संकोचते तिच्या दारात जाण्यात आहे.

वापरानंतरच्या खर्चाकडे तर कोणी पाहत नाही. २०१३ मध्ये पुण्यातील ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने वापरलेले नॅपकिन पोत्यांत भरून थेट उत्पादक कंपन्यांना परत पाठविले होते. उघड्या हातांनी ते वेचावे लागणाऱ्या स्त्रियांचा तो निषेध होता. २०१६ च्या घनकचरा नियमांनी प्रत्येक नॅपकिनसोबत गुंडाळण्यासाठी वेष्टन देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. वेष्टनाचे दोन-चार पैसे कंपनीने वाचवले तर ते कचरावेचक बाईच्या आरोग्यातून वसूल होतात. ताळेबंदात मात्र हा खर्च कोठेच दिसत नाही.

मग लगदा आयातच करावयाचा काय? अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवून दिले की, सिसल वनस्पतीच्या पानांतील तंतूंपासून, घातक रसायनांविना, कापसाहून अधिक शोषण करणारे द्रव्य तयार होऊ शकते. सिसल म्हणजे आपल्या माळरानांवर आणि शेतांच्या बांधांवर दिसणारा घायपात. कोरडवाहू शेतकऱ्याला त्याला पाणी घालावे लागत नाही आणि गुरेही त्याच्या वाटेला जात नाहीत. प्रयोगशाळेतील यशापासून कारखान्यापर्यंतचा पल्ला लांबचा, हे खरे. परंतु तो गाठण्याची गरज अमेरिकेपेक्षा मराठवाड्याला अधिक आहे. राज्यातील एखाद्या कृषी विद्यापीठाने वा अभियांत्रिकी महाविद्यालयाने घायपाताचा लगदा बचत गटाच्या यंत्रावर चढवून पाहण्यास फार मोठे अनुदान लागणार नाही. आणि शासन नॅपकिनसाठी निविदा काढील तेव्हा नगाच्या भावाबरोबर शोषणाचे मिलिलिटर, परत येणारी ओल आणि वापरानंतर उरणारे प्लॅस्टिक, हे तीन आकडे मागवावयाला तर एक पैसाही लागत नाही.