अद्भुत कथेतील धर्मप्रतीके आणि शिक्षक

शाळेच्या ग्रंथपेटीत परदेशी अद्भुत कादंबरीचा अनुवाद आला, की त्यातील जादू, मृत्यू व पुनर्जीवन यांविषयी मुले प्रश्न विचारू लागतात. अशा वेळी काही शिक्षक ‘हे परधर्माचे पुस्तक’ म्हणून ते कपाटात ठेवतात. काही जण प्रत्येक पात्रास आपल्या पुराणातील नाव देऊन मोकळे होतात. दोन्ही रीतींनी मुलांचे नुकसानच होते. प्रतीकाचा अर्थ त्याच्या बाह्य रूपावरून नव्हे, तर कथेत ते कोणते कार्य करते यावरून ठरतो, हे ध्यानी घेतल्यास वाट सुकर होईल.

प्रथम एक परिचित शब्द घेऊ. जे. के. रोलिंग यांच्या १९९७ सालच्या कादंबरीचा मराठी अनुवाद ‘हॅरी पॉटर आणि परीस’ या नावाने निघाला. मूळ कल्पना युरोपातील किमयागारांची आहे. आपल्या संतांनी परिसाचा दृष्टांत सत्संगासाठी योजिला : परिसाच्या स्पर्शाने लोखंड पालटते, तसा संतसहवासाने माणूस पालटतो. कादंबरीतील परीस सोने व दीर्घायुष्य देणारा, म्हणूनच लोभाची परीक्षा पाहणारा आहे. ज्यास तो शोधावयाचा आहे, परंतु वापरावयाचा नाही, त्यालाच तो लाभतो. शब्द एक, कार्य भिन्न.

दुसरे उदाहरण सी. एस. लुईस यांच्या नार्निया कथामालेचे. तिचे सात भाग १९५० ते १९५६ या काळात प्रसिद्ध झाले. १९५० च्या भागात अस्लान नावाचा सिंह एका फितूर मुलाच्या बदल्यात आपले प्राण देतो व पुन्हा जिवंत होतो. यामागे ख्रिस्तचरित्राची प्रेरणा असल्याचे लेखकाने स्वतःच सांगितले आहे. कर्जत-खालापूरकडील आदिवासी वाडीतल्या मुलास येथे वाघदेव आठवला, तर ते स्वाभाविकच होय. त्याचे म्हणणे वर्गाने आदराने ऐकावे. परंतु वाघदेवाची पूजा गुराढोरांच्या व माणसांच्या रक्षणासाठी होते. अस्लान दुसऱ्याच्या अपराधाची शिक्षा स्वतः भोगतो. हा भेद मुलांनीच शोधावा.

संविधानाच्या अनुच्छेद २८ (१) अन्वये, पूर्णतः राज्याच्या निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. कथेतील प्रतीकाचा उगम समजावून देणे म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे. मात्र त्यावर श्रद्धा ठेवावयास सांगणे किंवा कोणाच्या श्रद्धेची टवाळी करणे शिक्षकाने कटाक्षाने टाळावे.

अध्यापनाची रीत सोपी आहे. कथा प्रथम अखंड वाचावी. मध्येच अर्थ फोडून रसभंग करू नये. नंतर तीन प्रश्न विचारावेत : हा प्राणी किंवा ही वस्तू कथेत काय करते? तिच्यासारखे आपल्याकडे काय आहे? दोहोंत फरक कोणता? कोणत्याही मुलास त्याच्या धर्माचा किंवा जमातीचा प्रतिनिधी म्हणून उभे करू नये. ज्यास सांगावेसे वाटेल, त्याने सांगावे. एखाद्या मुलाने कोणताच अर्थ न काढता केवळ गोष्टीचा आनंद घेतला, तरी तो तास वाया गेला असे समजू नये.