टाक आणि दौत : दौतीतला कोसा

बोरूचा काप या आठवड्यात शिकवायचा ठरला होता. तो विषय आठवडाभर लांबणीवर पडला आहे, कारण भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातील एका वाचकाने पाठवलेला सरावाचा कागद. त्याने नवा टाक घेतला, वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंकची बाटली घेतली आणि मागच्या भागातल्या उभ्या रेघा ओढायला बसला. दर वेळी तेच. टाक बुडवल्यावर पहिल्या रेघेच्या माथ्यावर मसुराएवढा डाग, पुढच्या दोन रेघा बऱ्या, चौथी अर्ध्यातच कोरडी. हात चुकतोय की निब, असा त्याचा प्रश्न आहे.

हात चांगला आहे; मधल्या रेघा पाहिल्या की कळते. निबही वाईट नाही. खोट शाई घेण्याच्या रीतीत आहे, आणि तिच्यावरच्या उपायाचा अर्धा भाग त्याच्याच तालुक्यात, आंधळगावच्या विणकरांकडे पडून आहे.

आधी नव्या निबचे पाहू. पोलादी निब गंजू नये म्हणून कारखान्यातून निघतानाच तिच्यावर तेलाचा किंवा लाखेचा पातळ थर दिलेला असतो. हा थर शाईला अंगावर पसरू देत नाही. निब बुडवून उजेडात धरावी: शाई थेंबाथेंबाने गोळा होऊन मधल्या छिद्रापाशी लोंबत असेल, तर थर अजून गेलेला नाही. मग कागदावर दाब पडला, टोकाची दोन पाती फाकली, की तो साठा एकदम खाली उतरतो. तोच मसुराएवढा डाग. साबणाच्या पाण्याने निब चोळून धुवावी आणि कोरडी पुसावी. कच्च्या बटाट्यात खुपसून ठेवण्याची जुनी युक्तीही चालते. थर गेला की शाई सबंध निबवर सारखी पसरलेली दिसते.

दुसरी गोष्ट, निब बुडवायची किती? छिद्र जेमतेम बुडेल इतकीच. छिद्रापासून टोकापर्यंतची चीर शाई खाली ओढते, आणि त्या छिद्रात धरलेला थेंब हाच लिहिणाऱ्याचा खरा साठा. निब मानेपर्यंत बुडवली तर जास्तीची शाई वर चिकटून राहते आणि नको त्या क्षणी ओघळते. पण बाटलीत वाकून पाहत दर वेळी नेमके छिद्रापर्यंत बुडवणे कोणालाच जमत नाही. जुन्या लिहिणाऱ्यांनाही जमत नव्हते. म्हणून दौतीत बोळा असायचा.

मराठी शाळेतल्या दौतीत तो कापसाचा किंवा जुन्या सुती चिंधीचा असे. अरबी, फारसी, तुर्की सुलेखनकार कच्च्या रेशमाचा बोळा वापरत आले आणि आजही वापरतात. शाई बोळ्यात मुरलेली असते. टाक बुडवायचा नाही, बोळ्यावर नुसता टेकवायचा. बोळा जेवढी देईल तेवढीच शाई मिळते, आणि दर वेळी जवळपास सारखीच मिळते. टोक दौतीच्या तळावर आपटत नाही. दौत कलंडली तरी पान वाचते.

कापूस स्वस्त आणि हाताशी असतो, पण त्याचे तंतू आखूड. ते सुटतात, निबच्या चिरेत अडकतात आणि बारीक रेघेच्या जागी केसाळ रेघ उमटते. रेशमाचा तंतू लांब आणि चिवट असतो, तो सुटत नाही. भंडारा जिल्ह्यात तर ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोसा रेशीम वाढते आणि आंधळगावात ते विणले जाते. कोष उकलताना तुटलेला, वस्त्रात न जाणारा धागा मूठभर मिळाला तरी कितीतरी दौती भरतील. तो तसाच घालू नये. कोशाच्या धाग्यावर नैसर्गिक चिकट असतो; धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळून, दोनदा साध्या पाण्याने धुऊन, मऊ झाला की बोटांनी पिंजावा आणि सैलसर गोळा करून दौतीत बसवावा. दाबून भरू नये. वर शाई इतकीच ओतावी की बोळा ओला दिसेल, पण बुडणार नाही.

इथे मोहाडीच्या वाचकाने एक काळजी घ्यायची आहे. त्याच्या बाटलीतली वॉटरप्रूफ शाई बोळ्यात घालू नये. अशा बहुतेक शायांत लाख असते. लाख नुसत्या पाण्यात विरघळत नाही, टाकणखाराच्या पाण्यात विरघळते. एकदा वाळली की पाण्याला दाद देत नाही, म्हणून तर ती शाई पक्की. पण त्याच गुणामुळे बोळा दोन दिवसांत दगड होईल आणि निबची चीर बुजेल. ती शाई वापरायचीच तर थेट बाटलीतून घ्यावी आणि दर काही ओळींनी निब पुसावी. बोळ्यासाठी काजळाची शाई हवी.

काजळाची शाई घरी करता येते आणि ती करण्यात मोठा आनंद आहे. तिळाच्या तेलाचा दिवा लावावा, ज्योतीवर पितळेची थाळी पालथी धरावी. भंडाऱ्यात पितळेच्या थाळीची वानवा नाही. जमलेले काजळ पिसाने झाडून घ्यावे. बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून फडक्यातून गाळावा. आता सगळ्यांत महत्त्वाचे: काजळावर पाणी ओतू नये. काजळ पाण्याला जवळ करत नाही, ते वर तरंगत राहते. आधी थोडेसे दाट डिंकपाणी घालून खलात त्याची चटणी करावी आणि खलत राहावे. खलण्यात आळस केला की शाई दाणेदार होते, आणि तो दाणा निबच्या चिरेत नेमका अडकतो. मग हळूहळू पाणी वाढवावे. डिंक कमी पडला तर वाळलेले अक्षर बोटाला लागते. जास्त झाला तर अक्षर चकाकते आणि कागद दुमडला की त्याला तडे जातात. टाकाला ही शाई बोरूच्या शाईपेक्षा पातळ लागते. बोरूची काडी स्वतः थोडी शाई पिते आणि सावकाश सोडते. पोलाद काहीच पीत नाही. डिंकाची शाई उन्हाळ्यात आंबते, तेव्हा दौतीत दोन लवंगा टाकाव्यात.

हिरडा आणि हिराकस यांची शाई हा दुसरा रस्ता. हिरड्यातले टॅनिन आणि हिराकशीतले लोह एकत्र आले की काळा रंग धरतो; कागदावर उतरताना फिकी असते आणि हवेत काळी पडत जाते. दिसायला देखणी, पण आम्लधर्मी. पोलादी निब ती खाते आणि कालांतराने कागदही खाते. सरावासाठी तिच्या वाटेला जाऊ नये.

या सगळ्या उठाठेवीला जुना आधार आहे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला. त्यात अक्षराच्या वळणाइतकाच सामग्रीचा विचार आहे: निरनिराळ्या प्रांतांतले बोरू आणावेत, हिंगूळ संग्रही असावा, शाईचा साठा करून ठेवावा. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत ग्रंथ एकाच टाकाने लिहिल्यासारखा दिसावा, ही त्यांची अपेक्षा. शेकडो पाने सारखी दिसायची तर शाईही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सारखीच उतरायला हवी. हात कितीही बसलेला असला तरी पाणचट शाईपुढे त्याचे काही चालत नाही.

पोथ्यांत मजकूर काजळाचा, तर दंड आणि समाप्तीच्या ओळी पुष्कळदा हिंगुळाच्या तांबड्या. चुकलेल्या अक्षरावर पिवळी हरताळ फासून त्यावर पुन्हा लिहीत. हिंगुळात पारा आणि हरताळात सोमल असतो, त्यामुळे हे दोन्ही पदार्थ घरी खलण्याच्या फंदात कोणी पडू नये. तांबड्यासाठी बाजारातला जलरंग पुरेसा आहे.

विसाव्या शतकात शाई खलण्याचे काम घरातून कारखान्यात गेले. 1931 मध्ये मुंबईत दांडेकर बंधूंनी हॉर्स ब्रँड नावाने शाईची पूड आणि वड्या काढल्या. कॅमल हे नाव त्यानंतरचे. वडी पाण्यात विरघळवायची आणि दौत भरायची. लेखणी बदलली तसे मोडी लिपीचे रूपही बदलले. बोरूने लिहिलेल्या पेशवाईतल्या मोडीत जाड-बारीक असा डौल दिसतो. इंग्रजी अमदानीतल्या कागदांवर टाक आणि पुढे फाउंटन पेन आल्यावर तीच अक्षरे एकाच जाडीची, घाईची होत गेली. असे दोन कागद शेजारी ठेवून पाहण्याची संधी मिळाली तर सोडू नये.

सराव संपल्यावर निब होल्डरमधून काढून धुवावी, पुसावी, मगच डबीत ठेवावी. दौतीला घट्ट झाकण हवे. बोळा वाळू लागला तर शाई न घालता आधी थोडे पाणी शिंपडावे, कारण उडून गेलेले असते ते पाणीच. काजळ आणि डिंक जागच्या जागी असतात. बोळा महिन्या-दोन महिन्यांनी धुऊन पुन्हा वापरता येतो.

काप पुढच्या आठवड्यात नक्की. देवनागरीला रोमनच्या उलट बाजूचा काप का लागतो, आणि विलायती चपटी निब घेऊन मराठी लिहिताना मनगट का अवघडते, हे त्यात येईल. तळ्याकाठचा किंवा नाल्याकाठचा बोरू मात्र आताच तोडून सावलीत वाळत घालावा. करंगळीएवढ्या जाडीचा, दोन पेऱ्यांमधला सरळ तुकडा घ्यावा. ओला कापला तर वाळताना टोक वाकते आणि चीर वेडीवाकडी जाते.