नांगर विकून झाल्यावर

१९२० साली किर्लोस्करांच्या घरात दोन गोष्टी घडल्या. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही लिमिटेड कंपनी झाली आणि किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली. पहिल्या घटनेची दखल उद्योगाचे इतिहासकार घेतात, दुसरीची नियतकालिकांचे. मी एका सॉफ्टवेअर कंपनीच्या मार्केटिंग विभागात आहे, त्यामुळे मला या दोन्ही एकाच चोपडीतल्या नोंदी वाटतात.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा तो घ्यायला कोणी तयार नव्हते. लोखंडाने जमीन नासते अशी समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. या काळातले मार्केटिंग म्हणजे शंका घालवणे. नांगर चालवून दाखवायचा, एकाने घेतला की त्याचे शेत शेजाऱ्याला दाखवायचे. आज स्टार्टअप ज्याला ‘ग्रोथ’ म्हणतात ते याहून फारसे निराळे नाही. फक्त घाई जास्त आणि पैसा दुसऱ्याचा.

आमची कंपनी पुण्यातली. खते, बियाणे, औषधे विकणाऱ्या कृषी सेवा केंद्रांसाठी आम्ही बिलाचे आणि खात्याचे सॉफ्टवेअर करतो. मी श्रीरामपुरात राहून नगर आणि नाशिककडचे काम पाहते. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, पाठोपाठ अनुदानित खताची विक्री आधारच्या अंगठ्यावर पॉस मशीनने होऊ लागली. दुकानदाराला यंत्राची सवय सरकारनेच लावली. आम्ही हॉल घ्यायचो, चहा-नाश्ता द्यायचो, तीन महिने फुकट द्यायचो. दर सोमवारी पुण्याहून एकच प्रश्न यायचा : नवी दुकाने किती?

२०२२च्या मार्चपासून अमेरिकेत व्याजदर चढू लागले. स्वस्त पैसा आटला आणि गुंतवणूकदार वाढीऐवजी नफा विचारू लागले. त्याची झळ पुण्यामार्गे आमच्यापर्यंत पोचली. नऊ जणांच्या विभागात आम्ही चौघे उरलो. पण दोष सगळा व्याजदराला देता येणार नाही. त्यामागे एक साधे गणित आहे, ते कंपनी लहान असताना दिसत नाही.

समजा, शंभरांतली वीस दुकाने दर वर्षी सॉफ्टवेअर सोडतात. कंपनीकडे १,००० दुकाने असतील तर आहे तिथेच राहायला २०० नवी हवीत. ती मिळतात. दुकाने १०,००० झाली की त्याच गळतीने २,००० नवी लागतात, आणि तोवर सहज पटणारे गिऱ्हाईक संपलेले असते. उरलेला प्रत्येक जण आधीच्यापेक्षा महाग पडतो. मडके मोठे होते तसे भोकही मोठे होते. अशा वेळी शंभरांतल्या पाच दुकानांची गळती थांबली तरी ५०० दुकाने वाचतात. तेवढी नवी आणायला किती हॉल आणि किती चहा लागेल, हे मला तोंडपाठ आहे.

मग जुनी दुकाने टिकतात कशाने? याचे उत्तर आमच्या भागात तरी जाहिरातीत सापडत नाही, ते कालव्यात सापडते. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. प्रवरेच्या पाण्यावर ऊस वाढला, हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना होताच, १९३३ साली टिळकनगरची साखर कंपनी स्थापन झाली. उसाचे पैसे कारखान्याकडून हप्त्याने येतात. खत मात्र आज लागते. म्हणून इथला दुकानदार उधारीवर चालतो. तीन-तीन हंगामांची उधारी, कोणाचे नाव कोणत्या गावाखाली, कोणी मुलाच्या लग्नामुळे मुदत मागितली, हे सगळे आता आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. ते सोडणे म्हणजे खतावणी सोडणे.

इथे मला एक भेद करावासा वाटतो, जो आमच्या तक्त्यांत कुठेच नाही. टिकलेले गिऱ्हाईक वेगळे आणि अडकलेले वेगळे. दोघेही वर्गणी भरतात, दोघांची खूण हिरवीच दिसते. अडकलेला दुकानदार उधारी दुसरीकडे नेऊन देणारा कोणी भेटला की एका दिवसात जातो, आणि जाताना शेजारच्या दोघांना घेऊन जातो. वाढ थांबलेल्या कंपनीतल्या मार्केटिंगने खरे तर हा फरक ओळखायचा असतो. तो ओळखायचा कसा?

‘खबर’ मला इथे उपयोगी पडते. तिचे संपादक शंकरराव किर्लोस्कर चित्रकलेचे शिक्षण घेतलेले, आणि कारखान्याच्या जाहिरातीचे काम पाहणारे. मासिक निघाले ते कारखान्याची माहिती देण्यासाठी. पण नांगर घेतलेल्या माणसाला दर महिन्याला नांगराबद्दल काय सांगणार? फाळ झिजला की तो आपणच येतो. शंकररावांनी विषय वाढवत नेले. १९२९च्या सुमारास नावातली ‘खबर’ गळून नुसते ‘किर्लोस्कर’ राहिले, १९३०ला ‘स्त्री’ आले, १९३४ला ‘मनोहर’. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध ‘किर्लोस्कर’मधून येत होते. नांगराशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता अशा घरांतही ते नाव जाऊन बसले. त्यांच्यावर वाचण्याची सक्ती नव्हती. नको वाटले तर वर्गणी बंद करायला एक पोस्टकार्ड पुरे होते. नांगराच्या खपावरून समजत नाही ते वर्गणीवरून समजते.

अर्थात, हे किर्लोस्करांना परवडले ते कंपनी घरची होती म्हणून. आमच्याकडे दर तिमाहीला हिशेब द्यावा लागतो.

गेल्या वर्षी आम्ही दुकानदारांसाठी आठ पानांचे छापील पत्रक सुरू केले. त्यात सॉफ्टवेअरवर एकच पान असते. बाकी बियाण्याच्या लॉटची नोंद, मुदत संपलेल्या औषधांचे काय करायचे, आणि उधारी मागायची पण माणूस तोडायचा नाही यावर जुन्या दुकानदारांचे अनुभव. हे शेवटचे सदर सर्वांत जास्त वाचले जाते. मागच्या अंकात ते जागेअभावी राहिले, तर अकरा फोन आले. पुण्याहून हिशेब विभागाने विचारले, या पत्रकातून नवी दुकाने किती आली? एकही नाही, असे मी लिहून कळवले, आणि खाली त्या अकरा दुकानांची नावे जोडली. त्यांतल्या सात जणांची वर्गणी मार्चमध्ये संपते. छपाईच्या खर्चाचा निर्णयही मार्चमध्येच आहे.