विश्लेषण : चेंजलॉगमधील क्रमांकांचे दुवे आपोआप कसे होतात?

एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ या त्रुटीने जगभरातील सर्व्हर सांभाळणाऱ्यांची झोप उडवली. ओपनएसएसएलची १.०.१जी ही दुरुस्त आवृत्ती ७ एप्रिलला आली. डेबियन लिनक्स वापरणाऱ्यांना मात्र अपडेट केल्यावरही १.०.१ई हाच जुना आकडा दिसत होता. डेबियनने जुन्याच आवृत्तीत दुरुस्ती बसवली होती. बदलली होती ती फक्त आकड्यापुढची ‘डेब७यू५’ ही शेपटी. मग सर्व्हर सुरक्षित झाला की नाही, हे ओळखायचे कसे? ते चेंजलॉगमध्ये लिहिलेले होते.

चेंजलॉगमध्ये काय असते?

कोणत्या आवृत्तीत काय बदलले, याची साध्या मजकुरातील नोंद. डेबियनमध्ये तिचा साचा ठरलेला आहे. पहिल्या ओळीत पॅकेजचे नाव, कंसात आवृत्ती आणि निकड, खाली बदल, शेवटी नोंद करणाऱ्याचे नाव, ईमेल, तारीख. बदलांमध्ये ‘सीव्हीई-२०१४-०१६०’ असा त्रुटीचा जागतिक क्रमांक किंवा ‘क्लोजेस’ या शब्दापुढे तक्रारीचा क्रमांक येतो. जाणकाराला एवढे पुरते. बाकीच्यांना तो क्रमांक कॉपी करून शोधत बसावे लागते.

स्क्रिप्ट नेमके काय करते?

साचा पक्का असल्याने काम सोपे होते. स्क्रिप्ट ओळींमधून ठरावीक नमुने हुडकते आणि सीव्हीई क्रमांकाला डेबियनच्या सुरक्षा नोंदींचे, तर तक्रार क्रमांकाला त्या तक्रारीचे पान जोडते. क्रम मात्र चुकवून चालत नाही. ईमेल टोकदार कंसात लिहिलेला असतो. ब्राउझर त्याला एचटीएमएलचा टॅग समजतो आणि पत्ता पानावरून गायब होतो. म्हणून आधी असली चिन्हे निष्प्रभ करायची, मगच दुवे घालायचे.

गोम कुठे आहे?

क्रमांक कोणत्या यादीतला, हे कळण्यात. पायथन भाषेच्या तक्रारी २०२२ मध्ये गिटहबवर हलवल्या गेल्या आणि त्यांना नवे क्रमांक मिळाले. जुन्या नोंदींत ‘बीपीओ’ आणि नव्या नोंदींत ‘जीएच’ हा उपसर्ग असल्याने कोणता दुवा कुठे न्यायचा, हे स्क्रिप्टला कळते. नुसताच आकडा असता, तर भलतीच तक्रार उघडली असती. दुवा नसण्यापेक्षा हे वाईट, कारण निळ्या अक्षरांवर वाचक डोळे झाकून विश्वास ठेवतो.

‘किरकोळ दुरुस्त्या’ एवढ्याच नोंदीतून मात्र कोणतीही स्क्रिप्ट काही काढू शकत नाही. डेबियनमध्ये ‘क्लोजेस’ लिहिण्याची शिस्त टिकली, त्यामागे थोडा स्वार्थही असावा : त्या शब्दामुळे पॅकेज संग्रहात दाखल होताच तक्रार आपोआप बंद होते आणि ती हाताने बंद करण्याचे काम वाचते.